नामदेवरायांची पायरी आणि प्राध्यापक गोडबोले

माउली, एम. ए.चा अर्ज भरला तेव्हा मला एकाहत्तरावे वर्ष चालू होते. विषय इंग्रजी साहित्य. हे वाचून आपल्या चेहऱ्यावर जे हसू आले असेल ते मला नवीन नाही. आमच्या गावात ही बातमी काकड्याला फुटली आणि हरिपाठापर्यंत वाड्या-वस्त्यांवर जाऊन पोचली. माझे एक गुरुबंधू फोनवर म्हणाले, "बुवा, इंग्रजी पोटासाठी शिकतात. तुमचे पोट तर पांडुरंगाने भरले. आता उरले वैकुंठ, आणि तिथे कोणती भाषा चालते ते आजवर तुम्हीच आम्हाला सांगत आलात." घरी मंडळींनी एवढेच विचारले, "अहो, नापास झालात तर गावाला काय सांगायचे?" मी म्हटले, "नापास झालो तर कुणी विचारायला येत नाही. पास झालो तर मात्र येतील, पुढे काय म्हणून."

कीर्तन बंद होऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. घशाने हात टेकले आणि डॉक्टरांनी सांगितले, बोलण्यापुरता आवाज राहू द्या, गाण्याचे विसरा. पंचेचाळीस वर्षे उभे राहण्याची सवय असलेला माणूस एकाएकी बसता झाला. आवाज गेलेला कीर्तनकार घरात कुठे ठेवावा हे कुणालाच कळत नाही. पण केवळ वेळ जात नाही म्हणून मी हा उद्योग मांडला असे मात्र समजू नका. माझ्याकडे एका प्रश्नाचे उत्तर बाकी होते.

आवाज जाण्यापूर्वीच्या शेवटच्या एका सप्ताहात, काल्याच्या आदल्या रात्री एक मुलगी भेटायला आली. तालुक्याच्या महाविद्यालयात इंग्रजी घेऊन एम. ए. करत होती. तिने सांगितले की त्यांना एक इंग्रजी कादंबरी आहे, तिच्यात गोकुळअष्टमीचे भजन आहे आणि त्या भजनात चक्क तुकोबारायांचे नाव येते. तिच्या गाईडमध्ये लिहिले होते, हा प्रसंग म्हणजे हिंदू उपासनेतल्या अव्यवस्थेचे चित्र. मग ती म्हणाली, "महाराज, परीक्षेत मी तसेच लिहीन. पण माझे आजोबा माळकरी. आपले भजन खरेच गोंधळ असतो का?"

मी तिला म्हटले, "बाळ, अभंग न वाचता निरूपण करता येत नाही. पुस्तक वाचीन, मग सांगीन."

आता एक पुस्तक वाचायला एम. ए. कशाला, असे कुणीही विचारील. त्याचे उत्तर आमच्या शिक्षणात आहे. जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथे मी चार वर्षे काढली. तिथली पहिली शिस्त पूर्वापर संगतीची. मधलीच ओवी उचलून अर्थ सांगू लागलो की गुरुजी थांबवत: मागे काय चालले आहे ते सांग, वक्ता कोण, श्रोता कोण, शंका कोणाची, ते सांग. मग ओवीला हात लाव. एक ओवी कळायला अध्याय लागतो आणि अध्याय कळायला ग्रंथ. हा साहेब कोणाच्या परंपरेतला, त्याच्या आधी त्याच्या भाषेत कोण काय बोलून गेले, हे कळल्याशिवाय त्याचे आपल्या भजनाविषयीचे मत मी कोणत्या तोंडाने तपासू?

गुरुजींच्याच आग्रहाने तरुणपणी बहिःस्थ बी. ए. केले होते. ते प्रमाणपत्र ट्रंकेतून निघाले, कडा कुरतडलेल्या पण नाव शाबूत. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात वयाची अट नाही आणि पदवी कोणत्याही विषयाची चालते. असाइनमेंट हाताने लिहून द्यायच्या, आणि परीक्षा जून व डिसेंबरमध्ये. म्हणजे पाहा, एका परीक्षेच्या वेळी पालख्या निघतात आणि दुसरीच्या तोंडावर आळंदीची कार्तिकी येते. पहिल्या दिवशी परीक्षागृहाच्या दारात एका पोराने मला अदबीने सांगितले, "आजोबा, पालकांनी बाहेर थांबायचे आहे."

पहिल्या वर्षी चार विषय: ब्रिटिश काव्य, नाटक, कादंबरी आणि भाषाविचार. इंग्रजी कविता मी वाचली नाही, पाठ केली. आम्हाला दुसरी रीत ठाऊक नाही. पहाटे दहा ओळी, संध्याकाळी त्याच दहा, दुसऱ्या दिवशी वीस. मांडीवर ताल धरून पाहिले. आपल्या मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरे मोजतात. त्यांच्या मोठ्या कवींच्या ओळीत साधारण दहा अक्षरे, पण खरा हिशेब आघातांचा, पाच आघात. एक हलके, एक जड, चालणाऱ्या माणसाच्या पावलासारखे. हे हाताला कळल्यावर डोक्याला कळले. मिल्टन तर पाठच करावा असा कवी. डोळे गेल्यावर त्याने आपले महाकाव्य तोंडाने सांगून इतरांकडून लिहवून घेतले. ते १६६७ साली छापले गेले. आपण सच्चिदानंदबाबांना ओळखतो, म्हणून मला त्या लेखनिकांविषयी उगाच माया वाटली. त्यांच्याविषयी प्रश्न मात्र कधी येत नाही.

चॉसर नावाचा कवी चौदाव्या शतकाच्या शेवटी झाला. ज्ञानेश्वरी १२९० ची, तिच्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी. तेव्हा त्यांच्या देशात धर्माची भाषा लॅटिन आणि प्रतिष्ठेची फ्रेंच. या गृहस्थाने काव्य लिहिले ते लोकांच्या इंग्रजीत. हे वाचून माझा हात आपोआप कानाच्या पाळीकडे गेला. आणि काव्याचा विषय काय, तर वारी! वसंत ऋतूत लंडनजवळच्या एका खाणावळीत तीसेक माणसे जमतात आणि कँटरबरीला निघतात. तिथे ११७० मध्ये चर्चमध्येच मारल्या गेलेल्या थॉमस बेकेट या धर्मगुरूची समाधी होती. सरदार आहे, गिरणीवाला आहे, स्वयंपाकी आहे, पाच लग्ने केलेली एक बाई आहे, गरीब धर्मोपदेशक आणि त्याचा नांगरधारी भाऊ आहे. गिरणीवाला पिपाणीसारखे वाद्य फुंकत सर्वांना गावाबाहेर काढतो. एवढे सगळे आपलेच. पण वाटेत नामस्मरण नाही. वाट सरावी म्हणून एकमेकांना गोष्टी सांगतात, त्यातल्या काही तर या मासिकात सांगता येणार नाहीत. काव्य पुरे झाले नाही, त्यामुळे ही दिंडी मुक्कामाला पोचतच नाही. आणि १५३८ मध्ये आठव्या हेन्री राजाच्या हुकमाने ती समाधीही मोडली गेली. चंद्रभागेच्या वाळवंटात उभे राहून या गोष्टीचा विचार करून पाहा.

दुसऱ्या वर्षी समीक्षा आली. तिच्यात रिचर्ड्स म्हणून एक पंडित आहे. केंब्रिजला हा विद्यार्थ्यांना कवीचे नाव न सांगता कविता वाटत असे आणि त्यांची मते लिहून घेत असे. त्याचे पुस्तक १९२९ चे. नाव काढून घेतल्यावर भलीभली मुले कशी घसरली ते त्यात आहे. आमच्याकडे शेवटच्या चरणातच नाव असते, म्हणून मी गंमत केली. भजनाला आलेल्या पाच टाळकऱ्यांना नाममुद्रेचा चरण गाळून अभंग वाचून दाखवले. दोघांनी जनाबाईंचा अभंग नामदेवरायांच्या नावावर घातला, आणि तिसऱ्याने मला विचारले, "महाराज, नाव नसले तर नमस्कार कुणाला करायचा?" रिचर्ड्ससाहेबाकडे याचे उत्तर नाही. नावाचा गुंता आपल्याकडेही आहेच. विष्णुदासनाम्याचे अभंग नामदेवरायांच्या गाथ्यात मिसळले ते सारख्या मुद्रेमुळेच. असो.

आता त्या कादंबरीकडे येतो. वाचली होती पहिल्याच वर्षी. तिच्यावर बोलण्याइतकी भूमी तयार व्हायला दुसरे उजाडले. लेखक ई. एम. फॉर्स्टर. कादंबरीचे नाव 'अ पॅसेज टु इंडिया', साल १९२४. तिचे तीन भाग: मशीद, गुहा आणि मंदिर. हा साहेब १९२१ मध्ये देवास थोरली पाती या संस्थानात महाराजांचा खाजगी सचिव होता. देवासचे पवार म्हणजे मराठी घराणे, इंदूरच्या शेजारचे. तिथली गोकुळअष्टमी त्याने जवळून पाहिली, घरी पत्रांतून कळवली आणि मग कादंबरीच्या तिसऱ्या भागात घातली. म्हणजे तुकोबारायांचे नाव त्याने पुस्तकातून उचललेले नाही, कानांनी ऐकलेले आहे.

यात एक पात्र आहे, प्राध्यापक नारायण गोडबोले. दख्खनी ब्राह्मण, शांत, थोडे चमत्कारिक. पहिल्या भागात साहेबाच्या घरी चहाला जमलेल्या मंडळींसमोर ते एक गीत म्हणतात. गवळण कृष्णाला बोलावते आहे, तो येत नाही. पुन्हा बोलावते, तरी येत नाही. ऐकणाऱ्यांत मिसेस मूर म्हणून एक वृद्ध इंग्रज बाई आहेत. त्या विचारतात, दुसऱ्या एखाद्या गीतात तरी तो येत असेल ना? गोडबोले म्हणतात, नाही, येत नाही. इंग्रज मंडळी गप्प होतात. आपण वारकरी इथे गप्प होणार नाही, कारण ही विराणी आहे. माउलींच्या विरहिणी ज्याने गायल्या त्याला ठाऊक असते की न येणे हाच तिचा स्थायी सूर, आणि त्याच न येण्यात तो आलेला असतो. फॉर्स्टरने हे समजावून सांगितलेले नाही. त्याने एवढेच दाखवले आहे की बाहेर तळ्यात शिंगाडे काढणारा एक मजूर गाणे ऐकून पाण्याबाहेर येतो आणि त्याच्या तोंडावर आनंद मावत नाही. अंगणात बसलेल्या शिकल्यासवरल्यांना कळले नाही, ते शिंगाडेवाल्याला कळले. ही ओळ वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. आमच्या कीर्तनातही शेवटची रांग हीच असते.

तिसऱ्या भागात गोडबोले संस्थानचे शिक्षणमंत्री आहेत. मध्यरात्री जन्म व्हायचा आहे, देवळात दाटी आहे, झांजा, मृदंग, पेटी चालू आहे. भक्तीचे वाक्य इंग्रजीत लिहिलेला एक फलक आहे, त्यात रंगाऱ्याने एका शब्दाची दोन अक्षरे उलटसुलट केली आहेत. गोडबोल्यांचा नाकावर चिमट्याने बसणारा चष्मा गळ्यातल्या फुलांच्या माळेत अडकतो. ते वही पाहतात, मृदंगवाल्याला काहीतरी सांगतात, तो ठेका मोडतो, क्षणभर नुसता घुमारा करतो आणि नवा ठेका धरतो. हे ज्याने लिहिले तो मृदंगाच्या जवळ बसलेला होता, हे मी शपथेवर सांगेन. ठेका बदलताना मधे जो धूसर आवाज येतो तो लांबून ऐकणाऱ्याला कळत नाही.

गोंधळ म्हणतात तो हाच. कादंबरीभर लेखक दोन गोष्टी तोलत असतो: हिंदुस्थान हे गूढ आहे की नुसता घोळ? गाईडवाल्यांनी त्यातला घोळ घेतला आणि मुलांना दिला. पण माउली, आपल्या भाषेची गंमत पाहा. त्या इंग्रजी शब्दाला आपल्याकडे नेमका शब्द 'गोंधळ', आणि गोंधळ ही तर आईची पूजा! चौक भरायचा, घट मांडायचा, दिवटी पेटवायची, संबळ-तुणतुण्यावर गावोगावच्या देवदेवतांना एकेकाला नाव घेऊन बोलवायचे, मग आख्यान, मग आरती. रस्त्यावरून जाणाऱ्याला नुसता कल्लोळ ऐकू येतो. चौकाजवळ बसलेल्याला क्रम दिसतो. त्या मुलीने मराठीत विचारले म्हणूनच तिच्या प्रश्नात उत्तर दडलेले होते. इंग्रजीत विचारले असते तर मला ते सापडले नसते.

लेखकाचे आणखी एक निरीक्षण असे की ही माणसे समोरच्या देवाला उद्देशून गातसुद्धा नव्हती, एका संताला गात होती. तुकारामांचे नाव घेऊन त्यांना मायबाप म्हणत होती. परक्याच्या दृष्टीने हे चुकले, असे तो सुचवतो. आपण काय म्हणू? आळंदीहून निघालेली दिंडी पंढरीपर्यंत अठरा-वीस दिवस 'ज्ञानबा-तुकाराम' म्हणतच चालते. देवाला भेटायला निघालेला माणूस वाटभर संतांना हाक मारतो आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नाही. साहेबाच्या कानांनी बरोबर टिपले, त्याच्या बुद्धीने ते विचित्र म्हणून बाजूला ठेवले. टिपले ते महत्त्वाचे. त्याच पानांवर त्याने लिहिले आहे की देवाची मूर्ती क्षणभर दिसली तेव्हा खेडुतांच्या चेहऱ्यांवर असे काही तेज आले की तेवढ्या वेळापुरती ती सारी माणसे एकमेकांसारखी दिसू लागली. हे मी पाहिले आहे. कीर्तनकार एकटाच श्रोत्यांकडे तोंड करून उभा असतो. गजराला हजार-दोन हजार चेहरे एका आईच्या लेकरांचे होतात. पंचेचाळीस वर्षे ते रोज समोर होते, आणि गाण्याच्या नादात मी त्याला कधी शब्द दिला नाही. आवाज गेल्यावर, एका इंग्रजाच्या पुस्तकात, तो शब्द झालेला मला दिसला. त्या रात्री मी परीक्षेचा अभ्यास केला नाही.

आणि आता गोडबोल्यांचा दगड. गाता गाता त्यांना ती वृद्ध बाई आठवते, कुठल्याशा जुन्या दिवसांत भेटलेली, ओळख नावापुरती. मनातल्या मनात ते तिला प्रेमाने पूर्णत्वाकडे ढकलतात. मग कुठेतरी पाहिलेली एक गांधीलमाशी आठवते, तिलाही तसेच. ती माशी एका दगडावर बसलेली होती. मग तो दगड? त्यालाही घ्यावे म्हणून ते प्रयत्न करतात आणि तिथे अडतात. दगड जमत नाही. जाणूनबुजून केलेल्या खटाटोपाने फसवले, असे त्यांना वाटते, आणि भानावर येऊन पाहतात तो आपण लाल गालिच्याच्या पट्टीवर नाचतो आहोत.

खटाटोपाविषयी तो जे म्हणतो ते कोणत्याही कीर्तनकाराने लिहून ठेवावे. आज लोकांच्या डोळ्यांत पाणी आणायचेच, असे ठरवून जो उभा राहतो त्याच्या कीर्तनात लोक घड्याळ पाहतात. पण दगडापाशी माझे आणि गोडबोल्यांचे पटत नाही. माणूस, मग किडामुंगी, आणि सर्वांत अवघड म्हणून शेवटी दगड, असा जिना त्यांनी लावला. आपला संप्रदाय सुरूच विटेपासून होतो. पुंडलिकाने वीट फेकली, देव तिच्यावर उभा राहिला, अजून उभा आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असता चोखोबा दगडांखाली गेले, आणि नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी ओळखल्या त्या नामाच्या ध्वनीवरून. आणि खुद्द नामदेवराय! भक्तांच्या पायांची धूळ लागावी म्हणून महाद्वारातली पायरी होऊन राहिले. गोडबोले दगडाला प्रेमात घेऊ पाहतात. नामदेवरायांनी दगडाच्या बाजूला जाऊन उभे राहायचे पत्करले. ज्याला दगड उचलायचा आहे त्याला तो जड लागणारच.

परीक्षेत प्रश्न आला तो या तिसऱ्या भागाचाच: कादंबरीला त्याची गरज काय? पाच-सात मिनिटे मी पेन उचलले नाही. समीक्षकांची नावे पाठ होती, ती लिहिली असती तर पदरात गुण पडणारच होते. प्रश्न असा होता की पायरीचे लिहावे का. उत्तरपत्रिका तपासणारा कोण, कुठला, त्याला महाद्वार ठाऊक असेल का? शिवाय भक्ताला जे ठाऊक आहे ते साहित्याच्या पेपरात पुरावा म्हणून चालते का? शेवटी आळंदीची शिस्त कामाला आली. आमच्याकडे स्वमत सांगायचे तर आधी पूर्वपक्ष पुरा मांडायचा, तोही प्रतिपक्षाने मान डोलवावी इतका चोख. म्हणून साहेबाचे म्हणणे दोन पाने इमानाने मांडले, समीक्षकही घातले, आणि मग तिसऱ्या पानावर नामदेवरायांना आणले. बोटे आखडली होती, अक्षर वाकडे झाले. गुण साठीच्या घरात आले. ते पूर्वपक्षाला मिळाले की पायरीला, हे विद्यापीठ कळवत नाही.

ती मुलगी आता एका शाळेत शिकवते. तिला मी चार पानांचे पत्र घातले, गोंधळाचे आणि संताला मारलेल्या हाकेचे. तिने उलट विचारले की भजनातले ते शब्द मूळ मराठीत काय असतील. प्रश्न रास्त आहे. तुकोबांना मायबाप म्हणणारी ओळ तुकोबांची नसणार. ती त्यांना गुरू मानणाऱ्या कुणाची तरी असणार. म्हणून सध्या निळोबारायांचा आणि बहिणाबाईंचा गाथा घेऊन बसलो आहे, इंग्रजीतून उलट्या पावलांनी मराठीकडे चाललो आहे. देवास, इंदूर, उज्जैन भागात आपली पुष्कळ मराठी घरे आहेत. तिथल्या कुणा वाचकाच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांच्या वेळची भजनाची वही असेल, गोकुळअष्टमीच्या आठवड्यात म्हणायच्या अभंगांची, तर कृपा करून त्यातली तुकोबांच्या नावाची पाने उतरून मासिकाच्या पत्त्यावर पाठवावीत. चाल माहीत असेल तर तीही सांगावी. मला आता गाता येत नाही, पण नातू पेटीवर वाजवून दाखवतो, आणि ताल माझ्या हातात अजून आहे.